‘हे शक्यच नाही!’ म्हणण्याआधी: मालिकेच्या कथेतली चूक तपासायची कशी

रोजच्या मालिकेवर वाद घालताना बहुतेक जण एकाच ठिकाणी अडतात. आक्षेप बरोबर असतो, पण पुरावा हाताशी नसतो. ‘मागे ती म्हणाली होती ना...’ अशी सुरुवात होते, समोरचा ‘कधी म्हणाली?’ असं विचारतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहून कोणाची आठवण पक्की यावर भांडण जुंपतं. याच्या उलटही होतं. जी गोष्ट कायद्याने किंवा वैद्यकशास्त्राने अगदी शक्य आहे, तिला ‘काहीही दाखवतात’ म्हणून उडवून लावलं जातं आणि दोन भागांपूर्वीची खरी चूक कोणाच्या लक्षातच येत नाही. आठवड्याचे सहा दिवस अर्धा-अर्धा तास देणाऱ्या प्रेक्षकाला कथेकडे हिशेब मागण्याचा पूर्ण हक्क आहे. तो नीट मागता यावा म्हणून पुढच्या पायऱ्या दिल्या आहेत. त्या याच क्रमाने करा. कायद्याचं पुस्तक आधी उघडलं आणि भाग नंतर बघितला, तर तपास हमखास भरकटतो.

तयारी: बसण्यापूर्वी काय हाताशी हवं

प्रत्यक्ष भाग हवेत. झी५, जिओहॉटस्टार किंवा ज्या अ‍ॅपवर मालिका असेल तिथून संबंधित भाग काढा आणि प्रत्येकाची प्रसारणाची तारीख लिहून घ्या. यूट्यूबवरच्या पाच मिनिटांच्या तुकड्यांवर काम भागवू नका, कारण नेमकं वादातलं वाक्य त्यात कापलेलं असू शकतं.

एक वही घ्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून शेजारी ठेवा. तिथी आणि सण असलेलंच कॅलेंडर लागेल. जुना ट्रॅक (मालिकेतलं एखादं उपकथानक) तपासायचा असेल तर त्या वर्षीचं हवं.

आणि एका वेळी एकच आक्षेप घ्या. ‘नायिकेचं गरोदरपण, वकिलाचा मूर्खपणा आणि सासूचं अचानक बदलणं’ असं गाठोडं घेऊन बसलात तर तिन्हींपैकी एकही मुद्दा टिकणार नाही.

> सावधान: स्मरणशक्तीवर विसंबू नका. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. इतक्या पसाऱ्यात काय ‘दाखवलं होतं’ आणि काय ‘दाखवलं असणार’ हे आठवणीत बेमालूम मिसळून जातं.

पायरी १: आक्षेप कोणत्या जातीचा, ते ठरवा

आक्षेप तीन जातींचे असतात आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा असतो.

विसंगती म्हणजे मालिकेने स्वतःच सांगितलेलं स्वतःच मोडणं. मार्चमधल्या भागात वडिलांना एकच बहीण होती आणि ऑगस्टमध्ये दुसरी आत्या दारात उभी राहिली, तर ती विसंगती. पुरावा मालिकेतच सापडतो.

अशक्यता म्हणजे बाहेरच्या जगाचा नियम मोडणं. घरच्या टेबलावर कागदांवर सह्या झाल्या आणि त्याच संध्याकाळी घटस्फोट झाला, ही अशक्यता. इथे पुरावा कायदा, विज्ञान किंवा नकाशा यांतून आणावा लागतो.

तिसरी जात ‘न पटणं’. इतकी स्वाभिमानी बाई पुन्हा त्याच माणसाला माफ कशी करते? हे अशक्य नाही आणि विसंगतही असेलच असं नाही. पण कथेने तिला तिथवर नीट आणलं का, हा प्रश्न रास्त आहे.

वहीच्या पहिल्या ओळीवर आक्षेप एका वाक्यात लिहा आणि पुढे जात लिहा. बहुतेक वाद चिघळतात ते इथेच. एक जण ‘न पटणं’ सांगत असतो आणि दुसरा ‘पण असं होऊ शकतं’ म्हणून अशक्यता खोडत बसतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, त्यामुळे वाद संपत नाही.

पायरी २: पडद्यावर नेमकं काय आलं, ते बघा

आता भाग लावा. संबंधित प्रसंग पूर्ण बघा आणि त्याच्या आधीचा व नंतरचा प्रसंगही बघा. प्रत्येक माहितीपुढे ती कशी मिळाली ते लिहा: प्रत्यक्ष दाखवली, पात्राने सांगितली, की आपण ताडली.

हा फरक फार मोलाचा आहे. खलनायिकेने ‘मी त्या रात्री नाशिकला होते’ म्हटलं, म्हणून ती नाशिकला होती असं होत नाही. पात्रं खोटं बोलतात, चुकीचं समजतात, अर्धवट ऐकतात. पात्राची चूक लेखकाच्या खात्यावर टाकू नका.

प्रोमो आणि भागाच्या शेवटी येणारी उद्याची झलक पुराव्यात धरू नका. त्यातले प्रसंग पुढे स्वप्न निघतात, कोणाच्या मनातला विचार निघतात, कधी त्या क्रमाने येतच नाहीत.

मूळ दुसऱ्या भाषेतल्या मालिकेचं कथानकही पुरावा नव्हे. ‘आई कुठे काय करते’ ही बंगाली ‘श्रीमयी’वरून आली आणि त्याच मुळावरून हिंदीत ‘अनुपमा’ झाली. तिन्ही बघणारे प्रेक्षक एकीतली घटना दुसरीत झाली असं धरून चालतात. सुरुवातीचा सांगाडा एक असला तरी पुढे प्रत्येक भाषेतली कथा आपल्या वाटेने जाते.

> तपासा: तुमच्या आक्षेपाला आधार देणारी प्रत्येक गोष्ट भागाच्या तारखेसह लिहिली आहे का? ज्या ओळीपुढे तारीख नाही, ती खोडा.

पायरी ३: कॅलेंडर मांडा

रोजच्या मालिकेत दोन काळ एकत्र चालतात. एक कथेचा: लग्नाचा एक दिवस दोन आठवडे चालतो, रुग्णालयातली एक रात्र चार भाग पुरते. दुसरा प्रेक्षकाचा: गणपती आले की मालिकेतही गणपती बसतात, श्रावणात मंगळागौर, जूनमध्ये वटपौर्णिमा. सगळ्यात जास्त चुका या दोन काळांच्या सांध्यावर घडतात.

म्हणून वहीत दोन रकाने करा. डावीकडे प्रसारणाची तारीख, उजवीकडे कथेतला दिवस. कथेतल्या दिवसासाठी तीन खुणा शोधा: सण, ‘दुसऱ्या दिवशी’ असं कळवणारे संवाद, आणि पात्राने बोललेले ठोस कालावधी (‘तीन महिने झाले’). मग खुणा एकमेकींशी जुळतात का ते बघा.

गरोदरपण ही उत्तम कसोटी आहे. समजा, वटपौर्णिमेला नायिकेने दुसरा महिना लागल्याचं सांगितलं आणि लक्ष्मीपूजनाच्या सुमारास सातव्या महिन्याचं डोहाळजेवण झालं. जुळतं की नाही? ते वर्षावर अवलंबून आहे. २०२३ मध्ये वटपौर्णिमा ३ जूनला होती आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. मध्ये १६२ दिवस, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. २०२४ मध्ये वटपौर्णिमा २१ जूनला आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. मध्ये १३३ दिवस. म्हणजे २०२३ च्या मालिकेत हे डोहाळजेवण व्यवस्थित बसतं, तर २०२४ च्या मालिकेत थोडं ओढूनताणून बसवावं लागतं. ‘सणांचं अंतर तर ठरलेलंच असतं’ असं धरून अंदाजे महिने मोजणारे इथे फसतात.

मंगळागौरही अशीच उपयोगी. नववधू पहिली पाच वर्षं ती पूजते, म्हणून ‘पहिली मंगळागौर’, ‘दुसरी मंगळागौर’ असा उल्लेख आला की लग्नाला किती श्रावण झाले ते पक्कं कळतं. एखाद्या पात्राने त्याच सुमारास लग्नाला ‘सहा वर्षं’ झाल्याचं म्हटलं, तर तुम्हाला विसंगती सापडली.

लीप, म्हणजे कथेची एकदम काही वर्षं पुढे उडी, आली असेल तर कॅलेंडर तिथे तोडा आणि नव्याने सुरू करा. लीपनंतर प्रत्येक पात्राचं वय तेवढ्याच वर्षांनी वाढलं आहे का, ते बघा. मुलं सात वर्षांनी मोठी होतात आणि घरातलं कुत्रं, गाडी, मोबाइल जिथल्या तिथे राहतात, हे वारंवार घडतं.

> सावधान: लग्नाचा एक दिवस दोन आठवडे चालला, ही चूक नव्हे. तो दैनंदिन मालिकेचा वेग आहे. त्या दोन आठवड्यांत सण येऊन गेला आणि हळदीची साडी अंगावर तशीच राहिली, तर मात्र चूक.

पायरी ४: कोणाला काय आणि कधी कळलं, याचा तक्ता

ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि मराठी मालिकांतल्या खऱ्या चुका याच पायरीत सापडतात. आपल्या मालिका गुपितांवर चालतात. कोणाचं मूल, कोणाचा पैसा, अपघात कोणी घडवला. त्यामुळे कथा टिकते की कोसळते हे ‘कोणाला काय माहीत आहे’ यावर ठरतं.

गुपित एका ओळीत लिहा. खाली पात्रांची नावं. प्रत्येकापुढे: कळल्याची तारीख, आणि कसं कळलं (सांगितलं, दाराआडून ऐकलं, कागद सापडला, स्वतः ताडलं). मग दोन गोष्टी शोधा.

पहिली, कळण्याआधीच माहीत असणं. सून सोमवारच्या भागात सासऱ्यांच्या आजाराबद्दल बोलते आणि तिला तो कळतो गुरुवारच्या भागात.

दुसरी, कळूनही न कळल्यासारखं वागणं. ही जास्त वेळा घडते आणि जास्त घातकही आहे. दीराने कागदपत्रं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली असतात. दोन महिन्यांनी तीच बाब उघड होते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांइतकाच धक्का. इथे लेखकाने पात्राकडून त्याचं अनुभवलेलं आयुष्यच काढून घेतलेलं असतं. मला मालिकांमधली ही चूक सगळ्यात जास्त सलते, कारण आपण त्या पात्राबरोबर ते दोन महिने काढलेले असतात.

‘एक फोन केला असता तर सगळं मिटलं असतं’ हा आक्षेपही याच तक्त्यावर तपासा. फोन हरवल्याचं, बंद पडल्याचं, कोणी हिसकावल्याचं दाखवलं आहे का? दाखवलं असेल तर आक्षेप मागे घ्या. त्याच भागात ते पात्र त्याच फोनवर दुसऱ्या कोणाशी बोललं असेल, तर आक्षेप पक्का, आणि पुरावा एकाच भागात.

> तपासा: पात्राला गुपित माहीत होतं, पण ते लपवत होतं, अशी शक्यता उरते का? त्याच्या एकट्याच्या प्रसंगांत तसा एखादा इशारा आहे का, तेही बघा.

पायरी ५: बाहेरच्या जगाचा नियम शोधा

आक्षेप ‘अशक्यता’ या जातीचा असेल तरच ही पायरी करा. आधी एक गोष्ट स्वतःला विचारा: हे अशक्य आहे, की दुर्मीळ? दुर्मीळ गोष्ट दाखवण्याचा अधिकार कथेला आहे.

रक्तगटाचं उदाहरण घ्या. आई-वडील दोघांचाही गट ‘ओ’ आणि मुलाचा ‘ए’ निघाला की ‘मूल त्यांचं नाहीच’ असा निकाल मालिकेतले डॉक्टरही देतात आणि प्रेक्षकही. सामान्य नियम तसाच आहे. पण १९५२ साली मुंबईतच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक गट नोंदवला, जो पुढे ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून जगाला माहीत झाला. या गटाची व्यक्ती नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ दिसते, पण तिच्या जनुकांत ‘ए’ किंवा ‘बी’ दडलेला असू शकतो आणि तो मुलात उतरू शकतो. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. तेव्हा केवळ रक्तगटाच्या कागदावर पितृत्व नाकारणारी मालिका घाईत आहे, आणि रक्तगट जुळत नसतानाही मूल त्यांचंच ठेवणारी मालिका चूकच आहे असं म्हणता येत नाही.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत मात्र मालिका खरोखर चुकतात. डोक्याला मार लागल्यावर अपघाताच्या आसपासच्या घटना पुसल्या जाणं किंवा नवीन गोष्टी लक्षात न राहणं, हे घडतं. स्वतःचं नाव-गाव सगळं विसरणं फार क्वचित घडतं आणि त्यामागे बहुधा मानसिक आघात असतो. दुसऱ्यांदा डोकं आपटल्यावर सगळं परत आठवणं याला वैद्यकीय आधार नाही.

आता कायदा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून एक नेहमीचा ट्रॅक पूर्ण उलगडतो. नवरा नदीत वाहून जातो, देह सापडत नाही. दोन वर्षांनी नायिकेचं दुसरं लग्न होतं. मग पहिला नवरा दारात उभा. अर्धे प्रेक्षक म्हणतात, ‘तो मेलाच असं मानलं होतं, दुसरं लग्न पक्कं.’ उरलेले म्हणतात, ‘आता तिला तुरुंगात टाकतील.’ दोघांनीही एक प्रश्न विचारलेला नसतो: मधल्या काळात कोर्टाचा कोणता कागद दाखवला?

ज्यांना त्या माणसाची बातमी कळायला हवी होती, त्यांना सात वर्षं ती कळली नाही, तर तो मृत आहे असं कायदा गृहीत धरतो. पूर्वी हे भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्येही सात वर्षं जोडीदाराची खबर नसणं हे घटस्फोटाचं कारण आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा लेखी निकाल, घेऊन मग दुसरं लग्न केलं असेल, तर पहिला नवरा परत आल्याने ते मोडत नाही. असा कोणताच हुकूमनामा नसेल आणि पहिला जोडीदार हयात असेल, तर दुसरं लग्न त्याच कायद्याच्या कलम ११ प्रमाणे रद्दबातल. दुसऱ्या लग्नातून मूल झालं असेल, तर कलम १६ प्रमाणे ते औरसच राहतं, म्हणून ‘त्या बाळाला नाव नाही’ हा सासूचा टाहो कायद्याने खोटा. आणि द्विभार्या-द्विपती गुन्हा झाला का, हा आणखी वेगळा प्रश्न आहे. लग्न रद्दबातल ठरलं म्हणून कैद ठरलेलीच, असं नाही. हे सगळं हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नांबद्दल. पात्रांचा धर्म किंवा लग्नाची पद्धत वेगळी असेल, तर त्या कायद्याने बघा.

आता हे पायरी २ शी जोडा. घरातल्या आजीने ‘लग्न पक्कं’ म्हटलं तर ती आजीची समजूत. मालिकेतल्या न्यायाधीशाने तेच म्हटलं, तर ती मालिकेची चूक.

इतर काही नियम, जे नेहमी चुकीचे उद्धृत होतात:

- मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प पेपर किंवा नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. त्यामुळे ‘स्टॅम्प नव्हता’ हा आक्षेप टिकत नाही, ‘साक्षीदारच नव्हते’ हा टिकतो.
- परस्पर संमतीने घटस्फोटासाठी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. पण योग्य प्रकरणात हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून ‘सहा महिने कुठे झाले?’ एवढ्यावर थांबू नका. कोर्टासमोरचा एकही प्रसंग नसेल, तर तो मुद्दा घ्या.
- सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याला दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. रात्री दहाला जीप येऊन नायिकेला घेऊन जाते, तेव्हा ही परवानगी दाखवली का ते बघा.

नकाशाही विसरू नका. कोल्हापूर ते ठाणे रस्त्याने साधारण पावणेचारशे किलोमीटर आहे. आरती सुरू होताना तिकडे फोन गेला आणि आरती संपताना माणूस इकडे दारात, तर ती सरळ अशक्यता.

> सावधान: कायदा किंवा वैद्यकीय नियम फक्त मालिकेला लावण्यासाठी इथे दिला आहे. स्वतःच्या घरातल्या प्रकरणासाठी वकील किंवा डॉक्टरकडेच जा.

पायरी ६: ‘न पटणं’ असेल तर पात्राच्या वाटेने चाला

त्या पात्राने गेल्या दोन-तीन महिन्यांत घेतलेले मोठे निर्णय तारखेनिशी लिहा आणि वादातला निर्णय त्यांच्या शेवटी ठेवा. मध्ये एखादा प्रसंग आहे का, ज्याने ती बदलली? असेल तर तुम्हाला निर्णय आवडला नाही, एवढंच म्हणा. तेही म्हणण्यासारखं आहेच. नसेल, तर पायरी हरवली आहे, आणि नेमकी कुठे हरवली ते दाखवा.

पायरी ७: मालिकेची बाजू स्वतः मांडून बघा

आक्षेप बाहेर मांडण्याआधी दहा मिनिटं लेखकाच्या बाजूने बसा. हे कशाने समजावता येईल? उत्तर मालिकेत आधीच असलेल्या माहितीतून निघत असेल, तर आक्षेप सोडा. त्यासाठी कधी न दाखवलेला जुळा भाऊ किंवा कधी न झालेली भेट कल्पावी लागत असेल, तर आक्षेप ठेवा.

मग त्याचं वजन ठरवा. ती गोष्ट दुरुस्त केली तर ट्रॅक उभा राहतो का? संवादात ‘पाच वर्षं’ आणि प्रत्यक्षात तीन, हे एका शब्दात दुरुस्त होतं. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळ्या व्यक्ती लिहितात. अशी चूक संवादाच्या टेबलावर झालेली असते. पण दीराला सगळं आधीच माहीत होतं हे मान्य केल्यावर दोन महिन्यांची कथाच उरत नसेल, तर तो मोठा आक्षेप आहे. तो आधी मांडा.

पायरी ८: पडद्यामागचं कारण वेगळ्या पानावर

कधी चुकीचं कारण कथेच्या बाहेर असतं. २०२० च्या लॉकडाउननंतर चित्रीकरण सुरू झालं तेव्हा ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई होती. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. मधल्या काळात किती तरी घरांतले आजी-आजोबा एकाएकी गावाला गेले. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबल्यावर अनेक मराठी मालिकांची युनिटं गोव्याला गेली आणि मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली. त्या दिवसांतल्या भागांत कुटुंबं अचानक कुठल्या तरी बंगल्यात राहायला गेलेली दिसतात ती यामुळे.

हे लिहून ठेवा, पण तपासात मिसळू नका. कलाकार का गेला हे समजल्याने आपला राग निवळतो, आणि निवळावाच. त्या माणसांनी कठीण काळात काम केलं. तरी आजोबा गावाहून परतल्यावर घरात झालेल्या मृत्यूबद्दल एक शब्दही बोलत नाहीत, ही कथेतली चूक राहतेच.

पायरी ९: आक्षेप लिहा

क्रम असा ठेवा: काय दाखवलं (भागाची तारीख), ते कशाशी जुळत नाही (दुसऱ्या भागाची तारीख किंवा नियम), शक्य असलेलं स्पष्टीकरण आणि ते का पुरत नाही, आणि शेवटी आक्षेपाचं वजन. चार-पाच वाक्यांत बसतं.

‘लेखकांना कायदा कळत नाही’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेच्या भागात न्यायाधीश दुसरं लग्न वैध ठरवतात, पहिल्या लग्नाचा घटस्फोट झाल्याचं एकाही भागात दाखवलेलं नाही, नवरा बेपत्ता होऊन दोनच वर्षं झाल्याचं नायिकेनेच अमुक भागात सांगितलं आहे’ असं लिहा. याला उत्तर द्यायला समोरच्यालाही भाग उघडावा लागतो.

कलाकारांना त्यांच्या खात्यावर जाऊन बोल लावू नका. संवाद त्यांनी लिहिलेले नसतात.

लिहून झाल्यावर वहीतलं ते पान फाडू नका. ट्रॅक संपेपर्यंत ठेवा आणि संबंधित प्रसंग पुन्हा आला की पुढे तारीख टाका. मालिकेने पुढे समाधानकारक उत्तर दिलं, तर जिथे आक्षेप मांडला तिथेच, त्या भागाच्या तारखेसह, तो सुटल्याचं नोंदवा.